गळती हा जुन्या गाडीचा स्वभाव नाही

सांगोल्यात जुन्या मोटारसायकलीखाली तेलाचा डाग दिसला की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘जुनी गाडी हाय, गळायचीच’ हे मालकाचं वाक्य. ‘सिलिकॉन मारतो, थांबंल’ हे घाईतल्या मेकॅनिकचं. आणि ‘हिच्यात आता पैसं घालू नगा, भंगारात द्या, नवी घ्या’ हे पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचं, नाहीतर नवी गाडी विकायला बसलेल्याचं. बोलणारे वेगळे, हेतू वेगळे, पण समजूत एकच: गाडी जुनी झाली म्हणून तेल बाहेर येतं, आणि त्याचं कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. या समजुतीनं आमच्या भागातली कितीतरी चांगली इंजिनं अकाली संपवली आहेत. तिला एकदा सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

इंजिनातून तेल बाहेर येतं तेव्हा त्याला बाहेर पडायला एक जागा मिळालेली असते आणि बाहेर पडण्यामागे एक कारण असतं. जागा सापडते, कारणही सापडतं. दोन्ही दुरुस्त होतात.

इंजिनात नेमकं म्हातारं काय होतं ते आधी पाहू. केसिंग ॲल्युमिनियमचं ओतीव असतं. ते कुठं आपटलं नसेल, त्याच्या तोंडावर कुणी पेचकस घातला नसेल, तर तीस वर्षांनंतरही ते जवळपास तितकंच सपाट राहतं. म्हातारं होतं ते रबर, कागद आणि रिंगा. ऑइल सीलचं रबर उष्णतेनं कडक होतं आणि त्याची धार शाफ्टला चिकटून राहत नाही. कागदी पॅकिंग वाळतं, आक्रसतं. पिस्टनच्या रिंगा झिजतात. या तिन्ही वस्तू बदलता याव्यात म्हणूनच वेगळ्या बनवलेल्या आहेत, आणि तिन्ही आजही सांगोल्यात नाही मिळाल्या तर पंढरपुरात किंवा सोलापुरात मिळतात. मग गाडीचं वय काढून गळतीवर पांघरूण घालायचं कशासाठी?

‘जुनी गळणारच’ म्हणणाऱ्यांना मी हिरो होंडाचा दाखला देतो. १९८५ साली सीडी १०० बाजारात आली. इंजिन ९७.२ सीसीचं, बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५. तोवर आमच्याकडे राजदूत, येझदी आणि बुलेट या गाड्यांची सवय होती आणि गाडी उभी राहते तिथं डाग पडणार हे लोकांनी मनोमन मान्य करून टाकलं होतं. बुलेट का गळते याचं उत्तर म्हणून त्या वेळी एक गोष्ट ठासून सांगितली जायची, आजही सांगितली जाते: तिचं केस मधोमध उभं चिरलेलं आहे, डावा भाग आणि उजवा भाग जोडलेले आहेत, मग त्या सांध्यातून तेल येणारच. पण सीडी १००चं केसही तसंच उभं दुभागलेलं आहे. पुढे १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरचंही तसंच. तेच ॲल्युमिनियम, तसंच कागदी पॅकिंग, तेच महूद-जवळ्याचे रस्ते, आणि तरीही या गाड्या वर्षानुवर्षं एक थेंब न सांडता चालल्या. फरक होता तो जोडाची तोंडं किती सपाट घासली आहेत यात, प्रत्येक फिरत्या शाफ्टला नीट सील दिलं आहे की नाही यात, आणि इंजिनाला श्वास घ्यायला वाट ठेवली आहे की नाही यात. उभा सांधा गळतोच, हा युक्तिवाद त्या साध्या गाडीनं तेव्हाच निकालात काढला होता. आपण तो अजून कवटाळून बसलो आहोत.

श्वासाचा मुद्दा इथं सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कुणी बोलत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची केसमधली हवा दाबली जाते, वर जातो तेव्हा ती ओढली जाते. स्प्लेंडर मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर धावत असेल तर हे सेकंदाला त्र्याऐंशी वेळा घडतं. दर वेळी ९७ सीसी. म्हणजे सेकंदाला आठ लिटर हवा पिस्टनच्या खाली पुढं-मागं ढकलली जाते. बुलेटचं ३४६ सीसीचं इंजिन तीन हजार फेऱ्यांवर सेकंदाला सतरा लिटरांहून जास्त हवा हलवतं. या हवेसाठी ब्रीदर असतो. रिंगा चांगल्या असतील तर ब्रीदरवर फारसा ताण येत नाही. रिंगा झिजल्या की वरचा पेटलेला वायू दर स्फोटाला थोडाथोडा खाली उतरतो, केसमध्ये दाब साचत जातो आणि तो दाब तेलाला घेऊन जी जागा सर्वांत कमकुवत असेल तिथून बाहेर पडतो.

आता मालकाची नेहमीची तक्रार आठवून पाहा. मॅग्नेटच्या बाजूनं तेल यायचं, सील बदललं. महिन्याभरात पुढच्या स्प्रॉकेटमागून यायला लागलं. तेही बदललं, तर ब्लॉकच्या बुडातून पाझरायला लागलं. ‘एक बुजवलं की दुसरं फुटतंय, म्हणजे गाडीच संपली’ असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो. मला त्यातून उलट निष्कर्ष दिसतो. तीन ठिकाणांहून पाळीपाळीनं तेल येत असेल तर आजार तीन नसून एक आहे, आणि तो सीलमध्ये नाही, आतल्या दाबात आहे. त्याची परीक्षा घ्यायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. इंजिन गरम करायचं, सुरूच ठेवायचं, तेल ओतायच्या जागेचं झाकण काढून तिथं हात धरायचा. हातावर भकाभका वारा आणि धूर येत असेल तर रिंगा आणि ब्लॉक गेले. वारा येतो पण धूर नाही, तर आधी ब्रीदरची नळी बघायची. ती चिखलानं बुजलेली असते, चिमटलेली असते, कधी कुंभारीण माशीनं तिच्या तोंडात मातीचं घर बांधलेलं असतं. एक तार घालून ती मोकळी केली की गळती थांबते, अशीही इंजिनं असतात. ती तपासायच्या आधीच हाफ इंजिनचं, म्हणजे ब्लॉक-पिस्टनच्या कामाचं, बिल सांगणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणणार नाही.

रिंगा झिजतात कशामुळे? इथं सांगोल्याला स्वतःकडेही पाहावं लागेल. आमचा तालुका अवर्षणाचा. माण नदी वर्षाचा बराच काळ कोरडी असते, वाड्यावस्त्यांचे रस्ते मुरमाचे, उन्हाळ्यात पुढच्या गाडीमागे जाणाऱ्याला समोरचं दिसत नाही. या धुळीतला वाळूचा कण लोखंडापेक्षा कठीण असतो. तो हवेबरोबर कार्बुरेटरमधून सिलिंडरमध्ये गेला की तेलात मिसळून घासायची पेस्ट तयार होते, आणि ती रिंगा व ब्लॉक दोघांनाही खाते. जुन्या शंभर सीसी गाड्यांचा स्पंजाचा फिल्टर धुवायचा असतो, सुकवायचा असतो आणि मग त्याला थोडं तेल लावून पिळून बसवायचा असतो, कारण धूळ अडवण्याचं काम ते तेलच करतं. किती जण करतात? फिल्टर झटकून परत बसवतात, फाटला तर तसाच चालवतात, आणि ‘गाडी ओढत नाही’ म्हणून काढून टाकणारेही आहेत. चाळीस हजार किलोमीटरला ब्लॉक गेला की दोष गाडीच्या वयाला दिला जातो. ज्या धुळीत आपण रोज हिंडतो तिच्यापासून इंजिनाला वाचवणारी वस्तू फारच स्वस्त होती, हे कुणी त्या मालकाला वेळेवर सांगायला हवं होतं.

त्यात हिरो होंडाच्या जाहिरातीनं एक वाईट सवय लावली. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. पेट्रोलच्या बाबतीत ते खरं होतं. लोक तेलही विसरले. या इंजिनात तेल बदलताना अवघं ९०० मिलिलिटर बसतं. त्यातलं तीनशे गळलं तर एक तृतीयांश गेलं. चढावर, वळणावर पंपाची जाळी उघडी पडते, तेलाऐवजी हवा ओढली जाते आणि सगळ्यात वर, सगळ्यात लांब असलेला कॅम आधी मरतो. ‘थोडं गळतंय, वरनं ओतायचं’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडावा. डब्यातून ओतलेलं तेल रोज मोजून ओतलं जात नाही. गळणं मात्र रोज चालू असतं.

बुलेटप्रेमींशी माझं भांडण वेगळं आहे. ‘तेल टपकत नसेल तर आत तेलच नाही असं समजा,’ हे वाक्य ते अभिमानानं सांगतात. मद्रासला १९५५ साली या गाडीची जुळणी सुरू झाली, आणि ते जुनं कास्ट आयर्न इंजिन दोन हजारच्या दशकाच्या अखेरपर्यंत थोड्याफार बदलांनी चालू राहिलं. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक. इतकी वर्षं टिकलेल्या इंजिनाबद्दल जिव्हाळा असावा, मलाही आहे. पण जिव्हाळा असेल तर ते इंजिन समजून घ्या. त्याचं तेल खाली साठत नाही. केसमध्येच मागच्या बाजूला ओतलेल्या वेगळ्या टाकीत राहतं. एक पंप ते क्रँककडे पाठवतो, दुसरा परत आणतो. गाडी पंधरा दिवस उभी राहिली आणि पंप झिजलेला असला की टाकीतलं तेल हळूहळू खाली झिरपून क्रँकच्या खोलीत भरतं. मग लग्नाच्या वरातीला म्हणून गाडी काढतात, किक मारतात, आणि जमलेलं तेल ब्रीदरमधून फवाऱ्यासारखं बाहेर येतं. पाहणारा म्हणतो, बुलेट गळली. केसचा एकही सांधा गळलेला नसतो. पंपाची बैठक बारीक पेस्टनं घासून घेतली आणि ब्रीदरचा चोचीसारखा रबरी वॉल्व्ह बदलला की हा प्रकार आटोक्यात येतो. ते रबर कडक झालं की हवा बाहेर जाते तशी आतही येते, आणि केसमध्ये जो ओढा राहायला हवा तो राहत नाही. चेनकेसचं झाकण मधल्या एकाच नटावर आवळलेलं असतं. तिथून गळायला लागलं की लोक तो नट आणखी ताणतात, झाकण मधे दबतं, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. कारण माहीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी उपाय आहे. त्या उपायाऐवजी आपण एक वाक्य पाठ केलं आणि इंजिनाच्या दुखण्यालाच त्याचा बाणा ठरवून टाकलं.

आता सिलिकॉनवाल्यांकडे वळतो. हे लोक वाईट नाहीत, पण त्यांचं काम जास्त नुकसान करतं.

गळतीची जागा शोधण्यापासूनच चूक सुरू होते. गाडी चालते तेव्हा वाऱ्यानं तेल मागं ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या टोकाला येऊन थेंब धरतं. जिथं थेंब दिसतो तिथून तेल येत असेलच असं नाही. टॅपेट कव्हरची गोल रबरी रिंग कडक झालेली असते, तेल फिन्सवरून ओघळून ब्लॉकच्या बुडाशी येतं, आणि बिचाऱ्या ब्लॉकचं पॅकिंग बदललं जातं. म्हणून इंजिन आधी रॉकेलनं किंवा डिझेलनं स्वच्छ धुवायचं, कोरडं पुसायचं, संशयाच्या सगळ्या जागांवर अंगाला लावायची पांढरी पावडर मारायची, आणि दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणायची. पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू होते ती जागा. याला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास न देता पाना हातात घेणाऱ्याचं पुढचं सगळं काम अंदाजावर चालतं.

मग इंजिन उघडणं. दोन केस जुन्या पॅकिंगनं चिकटलेले असतात. रबरी हातोड्यानं चहूबाजूंनी ठोकत, पुलर लावून ते सोडवायचे असतात. प्रत्यक्षात सांध्यात पेचकस घालून हिसका दिला जातो. त्या एका हिसक्यानं ॲल्युमिनियमच्या तोंडावर जो खड्डा पडतो, त्याच्या कडेला उंचवटा येतो, तो पुढच्या प्रत्येक पॅकिंगला छेद देतो. जुनी गाडी का गळते याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर कित्येकदा हेच असतं: ती आधी तीनदा उघडली गेली आहे आणि तिन्ही वेळा पेचकसानं. जुनं पॅकिंग खरवडताना ब्लेड आडवं न धरता उभं धरलं, तरी तेच. त्यावर उपाय म्हणजे जाड काच. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर, त्यावर थोडं तेल, आणि केसचं किंवा झाकणाचं तोंड आठच्या आकड्यात हलक्या हातानं फिरवायचं. उंचवटे चमकतात, खड्डे काळे राहतात; तोंड एकसारखं राखाडी दिसेपर्यंत थांबायचं नाही. मात्र दोन मुख्य केसच्या बाबतीत हात आखडता घ्यावा लागतो, कारण तिथं घासलं की आतल्या शाफ्टांना असलेली मोकळीक कमी होते. ग्राइंडर आणि कानस यांचं तर इथं नावही काढू नये.

बोल्टांची कथाही अशीच. या इंजिनांच्या झाकणांना ६ मिलिमीटरचे बोल्ट असतात. त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर आवळ पुरतो, म्हणजे लहान पान्यानं मनगटाच्या जोरावर. टी-पान्यावर पूर्ण खांदा टाकून ते आवळले की ॲल्युमिनियममधली आटी वर ओढली जाते, भोकाच्या तोंडाशी उंच कडा तयार होते, आणि बोल्टाजवळच सांधा उघडा राहतो. जास्त आवळल्यानं जास्त गळतं, हे पटवून देताना मला दर वेळी विरोध होतो. आटी गेलेल्या भोकात जाडा बोल्ट ठोकायचा की दोरा गुंडाळायचा? दोन्ही नाही. लेथवाल्याकडून हेलिकॉइल बसवून घ्यायचं. मूळ भोकापेक्षा ती आटी मजबूत होते.

हे काहीच न करता वरून सिलिकॉन फासलं जातं, आणि ते जितकं जाड तितकं चांगलं असा समज आहे. झाकण आवळताना जेवढं सिलिकॉन बाहेर पिळून येतं तेवढंच आतही जातं. आत त्याच्या लांब अळ्या लोंबतात, गरम तेलात सुटतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात, किंवा वर कॅमकडे जाणाऱ्या अरुंद वाटेत अडकतात. बाहेरची गळती थांबते आणि महिन्याभरात हेडमधून खडखड सुरू होते. मालकाला वाटतं, हे दुसरंच काहीतरी निघालं. ते दुसरं नसतं. जिथं कंपनीनं कागदी पॅकिंग दिलं आहे तिथं तोंड सपाट असेल तर नुसतं पॅकिंग पुरतं. जिथं नुसता द्रव लावायचा आहे तिथं बोटानं दिसेल न दिसेल असा पातळ थर.

ऑइल सीलबद्दल थोडक्यात. नवीन सील घातलं आणि तरी गळतंय, तर शाफ्टवर नख फिरवून बघा. जुन्या सीलनं तिथं खाच पाडलेली असते. नवं सील एक-दीड मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवलं की त्याची धार कोऱ्या पृष्ठभागावर येते. आणि स्प्रॉकेट बसतं त्या शाफ्टच्या दात्यांवरून सील ओढताना त्यावर प्लास्टिकचा कागद गुंडाळावा, नाहीतर दुकानातून कोरं आणलेलं सील बसवतानाच फाटतं. काम एवढंच, पण ते शिकवावं लागतं.

ब्लॉकच्या बाबतीतही ‘नुसत्या रिंगा टाका’ हा सल्ला असाच फसवा. झिजलेला ब्लॉक गोल राहिलेला नसतो; वरच्या भागात तो लंबगोल होतो. नवी गोल रिंग त्या लंबगोलाला चिकटत नाही, वायू पूर्वीसारखाच खाली उतरतो, दाब तसाच, गळती तशीच. गेजनं मोजून पुढच्या मापाला बोअर करायचं, पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घ्यायचा, बोअरनंतर होनिंग करून आडव्या-तिडव्या बारीक रेघा पाडायच्या म्हणजे तेल धरून राहतं, आणि रिंग ब्लॉकमध्ये घालून तिच्या तोंडांमधली फट फिलर गेजनं तपासायची. हेड उघडलेलंच आहे तर वॉल्व्ह लॅप करून गाईड बघायचे. हाफ इंजिन आणि फुल इंजिन असे जे दोन भाव सांगितले जातात, त्यांतला हाफचा भाव कारण न शोधता सांगितला असेल तर तो महागच पडतो.

आता तिसरं वाक्य. भंगारात द्या.

हे म्हणणारे कायद्याचा धाक घालतात, आणि तो चुकीचा आहे. पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी चालवायला बंदी आली ती दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागासाठीच्या आदेशांमुळे. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा आदेश त्याच भागासाठी होता. महाराष्ट्रात खासगी दुचाकीला अशी वयाची बंदी नाही. नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. आमच्या एमएच ४५च्या गाड्यांना त्यासाठी अकलूजच्या कार्यालयात जावं लागतं. शुल्क वाढलं हे खरं: दुचाकीचं नूतनीकरण एप्रिल २०२२पासून तीनशेचं हजार रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला दोन हजार. १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेलं वाहन भंगार धोरणही गाडीचं वय पाहून नव्हे तर तपासणीत ती नापास झाली तर मोडीत काढा, असंच सांगतं. तपासणीला नीट बांधलेलं, न गळणारं, धूर न मारणारं इंजिन घेऊन जायचं. कायदा त्याच्या विरोधात नाही.

पैशाचं बोलू. नवी शंभर सीसी गाडी रस्त्यावर येईपर्यंत ऐंशी हजार ते लाखाच्या घरात जाते, आणि आमच्याकडे बहुतेक ती हप्त्यावरच घेतली जाते. जुन्या स्प्लेंडरचं इंजिन वर सांगितलं तसं पुरतं बांधायला पार्ट, लेथ आणि मजुरी धरून साधारण सात ते बारा हजार लागतात. ज्या तालुक्यात तेल्या आणि मर रोगानं डाळिंबाच्या बागा आधीच खिळखिळ्या केल्या आणि २०२१-२२ला खोडकिड्यानं उरलेल्या उपटायला लावल्या, तिथल्या शेतकऱ्याला ‘एवढासा हप्ता आहे’ म्हणून सांगणं मला निर्दय वाटतं. शेतातली पाण्याची मोटार जळाली तर हाच शेतकरी ती वाइंडिंगला देतो. पंपसेट भंगारात घाल असं त्याला कुणीच सांगत नाही, कारण तांब्याची तार बदलली की मोटार नव्यासारखी चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे. इंजिनाबद्दल तेच ज्ञान आपण का हरवून बसलो?

पर्यावरणाचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्या जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांपेक्षा निश्चित कमी प्रदूषण करतात. राजदूत किंवा आरएक्स १००सारखी दोन स्ट्रोकची गाडी तर पेट्रोलाबरोबर तेल जाळूनच चालते. ती रोजच्या दूध घालायच्या कामाला वापरावी असं मी म्हणणार नाही, कितीही आवडली तरी. पण चार स्ट्रोकच्या शंभर सीसी गाडीबद्दल बोलताना तुलना नीट करा. गळणारं, तेल जाळणारं इंजिन आणि नवी गाडी एवढेच दोन पर्याय समोर ठेवले की नवी जिंकणारच. तिसरा पर्याय, म्हणजे तेच इंजिन बांधून तेल जाळणं आणि जमिनीवर सांडणं बंद करणं, हिशेबात घेतलाच जात नाही. लिटरला साठ-पासष्ट किलोमीटर जाणारी आणि आणखी पंधरा वर्षं चालू शकणारी गाडी वितळवायची, आणि तिच्या जागी नव्यानं पोलाद, ॲल्युमिनियम, प्लास्टिक ओतून दुसरी बनवायची, यालाही कोळसा आणि वीज लागते. तो धूर सांगोल्यात दिसत नाही एवढंच.

काही इंजिनं खरोखर संपलेली असतात, हेही सांगतो. क्रँकच्या बेअरिंगची जागाच केसमध्ये सैल झालेली असेल, केसला तिथं तडा गेला असेल, फ्रेमच्या नळ्या गंजून पोकळ झाल्या असतील, तर ती गाडी सोडून द्यावी आणि तिच्यातले चांगले भाग दुसऱ्या गाडीसाठी ठेवावेत. हा निर्णय उघडून, धुऊन, मोजून घ्यायचा असतो. खालचा डाग पाहून तो घेता येत नाही.

शेवटचा आक्षेप मेकॅनिकांचा आहे, आणि तो मला सगळ्यात रास्त वाटतो. ते म्हणतात, हे सगळं आम्हाला कळतं, पण वेळ कोण देतो? रविवारी जनावरांचा बाजार असतो. कोळा, घेरडी, नाझरे, कडलास, सगळीकडून माणसं येतात. सकाळी गाडी टाकतात आणि बाजार उरकून संध्याकाळी परत मागतात, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे दुधाच्या किटल्या डेअरीला पोचवायच्या असतात. पाच-सहा तासांत इंजिन उतरवून, धुऊन, लेथला पाठवून, बांधून देता येत नाही. मग सिलिकॉनच उरतं. आणि मजुरी? पार्टच्या दुकानात छापील किंमत निमूट देणारा गिऱ्हाईक मजुरीला मात्र घासाघीस करतो. केसचं तोंड काचेवर घासण्याचे तास बिलात कुठं लिहायचे?

हा आक्षेप मान्य करून मी मालकांना उत्तर देतो. चांगलं काम हवं असेल तर चार दिवस द्या. रविवारी टाकू नका, मंगळवारी टाका. दुधाच्या फेरीसाठी भावकीतली, शेजारची गाडी मागून घ्या. काही गॅरेजवाले कामाच्या काळात वापरायला एक जुनी गाडी ठेवतात, तशी आणखी काहींनी ठेवावी आणि तिचं भाडं बिलात उघड लावावं. मजुरी तासांवर ठरवा, पार्टवर नको. काढलेले सगळे जुने भाग परत मागा आणि पिशवीत बघा: रिंगा, सील, पॅकिंग, पिस्टन. ब्लॉक बोअर केल्यावर कोणतं माप झालं ते कागदावर लिहून घ्या, कारण पाच वर्षांनी दुसऱ्या मेकॅनिकला ते लागेल.

सरकारनं २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पार्ट आणि माहितीपुस्तिका मिळण्यासाठी त्याचा उपयोग व्हायला हवा. पण जी माहिती रोजच्या कामाला लागते, सहा मिलिमीटरच्या बोल्टाला किती आवळ, रिंगेला किती फट, पंपाची जाळी कधी धुवायची, ती गॅरेजच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरात असली पाहिजे. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकची दोन वर्षं करून येणारी मुलं शोरूमच्या वर्कशॉपला जातात, तिथं इंजिन फारसं उघडलं जात नाही, कॉम्प्युटरनं सांगितलेला भाग बदलला जातो. त्यातली दोन मुलं जरी तालुक्यातल्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली वर्षभर बसली, तरी पेचकस कुठं घालायचा नाही हे त्यांना कायमचं कळेल. ज्यांचे हात हे काम जाणतात ते आता साठीला आले आहेत. तेव्हा हे वर्षभर बसणं याच एक-दोन वर्षांत व्हायला हवं.

आणि इंजिन बांधून आलं की पहिल्या पाचशे किलोमीटरची जबाबदारी मालकाची. गाडीवर पोती लादायची नाहीत, एकाच वेगानं ताणायची नाही, चढावर वरच्या गिअरमध्ये गुदमरवायची नाही. रिंगा ब्लॉकला याच काळात बसतात. पाचशेला ते तेल पूर्ण काढायचं, पंपाची जाळी धुवायची, नवं तेल मोजून ९०० मिलिलिटर घालायचं, ब्लॉकच्या बुडाशी आणि स्प्रॉकेटमागं पुन्हा पांढरी पावडर मारून एक फेरी मारून यायचं. पावडर कोरडी असेल तर मेकॅनिकचे राहिलेले पैसे घासाघीस न करता त्याच दिवशी द्यायचे. ओली असेल तर गाडी तिथंच सोडायची आणि रेघ जिथून सुरू झाली ती जागा त्याला दाखवायची.